गुडघा वाचवणारे सर

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप आला की सरांचा गौरव अंक निघतोय, प्रत्येकानं एक 'हृद्य आठवण' पाठवावी. खाली फुलांचा गुच्छ आणि जोडलेले हात. मी काही पाठवलं नाही. सरांच्या आठवणी माझ्याकडं भरपूर आहेत, हृद्यसुद्धा आहेत, पण त्या सुट्या निघत नाहीत. एक ओढली की तिच्यामागून सुमनबाईंचा गुडघा येतो. तो गौरव अंकात बसणार नाही, म्हणून इथं लिहिते.

नांदेडहून लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फिजिओथेरपीचं कॉलेज होतं आणि शेजारी त्याच संस्थेचं हॉस्पिटल. मी उदगीरची, किराणा दुकानदाराची मुलगी. फिजिओथेरपी म्हणजे नेमकं काय हे आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी डॉक्टर होऊन राहिलीय. पण सुई टोचणारी न्हाई, चालायला लावणारी." ही व्याख्या मला पुढं कुठल्याच पुस्तकात इतकी चांगली सापडली नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला जनरल सर्जरी हा विषय असायचा. शिकवायला शेजारच्या हॉस्पिटलातले सर्जन यायचे, आणि ज्याच्यावर ही पाळी यायची तो चेहरा पाडूनच यायचा. "मालिशवाल्यांना सर्जरी शिकून काय करायचंय?" असं एकानं वर्गात, आमच्या तोंडावर म्हटलेलं आहे. गाईड उघडायचं, वाचायचं, हजेरी घ्यायची, निघायचं. राज्यभर हे असंच चालतं, आणि मग ऑपरेशन झालेली माणसं घरी जाऊन आयुष्यभर खाटेवर का पडून राहतात यावर परिसंवाद भरवले जातात.

सर आले ते हातात काहीही न घेता. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बारीक अंगकाठी, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. आल्याआल्या पहिल्या बाकावरच्या एका जाडजूड पोराला टेबलावर आडवं केलं, त्याचा शर्ट वर केला आणि फळ्याच्या मार्करनं त्याच्या पोटावर छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत सरळ रेघ ओढली. वर्ग हसून लोळत होता.

"झालं. फाडलं, आतलं काम केलं, शिवलं. सर्जरी संपली," सर म्हणाले. "आता खोक."

पोरानं लाजत खोकल्यासारखं केलं.

"अरे गाढवा, पोटाला टाके आहेत तुझ्या! खोकलास की आग होते. म्हणून तू खोकणार नाहीस. नाही खोकलास की कफ छातीत साचणार. साचला की न्यूमोनिया. एकही टाका न उसवता माणूस मेलेला मी पाहिलाय. सुंदर शिवलं होतं मी त्याला. कुणी खोकायला लावलं नाही." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "जखम माझी. माणूस तुमचा. जो हे विसरेल त्यानं उदबत्त्या विकाव्यात."

आम्हाला कुणी 'माणूस तुमचा' असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही हॉस्टेलवर जेवताना एकमेकांना खोकायला लावत होतो.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाच अशी. जंतुसंसर्गाच्या तासाला त्यांनी दारातच एका पोरीच्या तळहाताला गुलाल फासला आणि 'बस खाली' म्हणाले. तास संपला तेव्हा गुलाल तिच्या कपाळाला, शेजारणीच्या ओढणीला, दोन वह्यांना, दाराच्या कडीला आणि कुणाच्यातरी डब्यातल्या पोळीला लागलेला होता. "हे जंतू," सर म्हणाले. "आणि ही बाई दिवसभर पेशंट हलवणार आहे." दुसऱ्या दिवशी आम्हाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि ओले हात वर धरून उभं केलं. पाचच मिनिटांत प्रत्येकाच्या नाकाला खाज सुटली. ज्यानं नाकाला हात लावला तो परत नळावर. एक पोरगा रडकुंडीला आला, "सर, खरंच खाजवतंय."

"खाजू दे. खाज सुटली म्हणून कुणी मरत नाही," सर म्हणाले. "खाजवल्यानं मात्र मरतो. तू नाही, पेशंट."

हॉस्पिटलात त्यांचं नाव होतं उशीचोर. सिस्टर लोकांनी ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत होतं. पाय कापलेला पेशंट वॉर्डात असला की त्याचे नातेवाईक मायेनं त्या उरलेल्या पायाखाली उशी देतात. बरं वाटतं, ठणका कमी होतो. पण गुडघा वाकलेला राहतो, आणि वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, मग तो सरळच होत नाही. कृत्रिम पायाला सरळ होणारा गुडघा लागतो. म्हणजे ज्या उशीनं आज आराम पडतो ती उशी त्या माणसाचं चालणं खाऊन टाकते. सर राउंडला निघाले की दिसली उशी की ओढ, असं करत जायचे, आणि राउंड संपेस्तोवर त्यांच्या दोन्ही काखांत उश्या असायच्या. त्यांच्या केबिनमध्ये ढीग पडलेला असायचा. मेट्रनबाई दर आठवड्याला कपाळाला हात लावून न्यायला यायच्या.

"सर, आमचा स्टॉक जुळत नाही हो!"

"पेशंटचे पाय जुळत नाहीत मेट्रनबाई, तुमच्या स्टॉकचं काय घेऊन बसलात?"

उशीचा एकच उपयोग त्यांना मान्य होता. पोटाचं ऑपरेशन झालेल्यानं खोकताना ती पोटाशी घट्ट धरायची. बाकी उशी म्हणजे त्यांच्या लेखी विष. एकदा एक म्हातारी नवऱ्याची उशी सोडेना, तेव्हा सर आणि म्हातारी दोन्ही बाजूंनी ओढत होते आणि नवरा मधे पडून 'द्या हो त्यांना, द्या' म्हणत होता.

हे सगळं मी मनापासून लिहिते आहे. असा शिक्षक पुन्हा भेटला नाही. म्हणून तर संताप येतो. नालायक माणसानं दगा दिला तर आपण थुंकून पुढं जातो.

सुमनबाई किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होत्या. जंगलातलं गाव, शे-दीडशे पोरांचा स्वयंपाक, दिवसभर चुलीपुढं उभं राहणं. साखरेचा आजार आहे हे त्यांना पायात काटा मोडल्यावर कळलं. जखम चिघळली, पाय काळा पडला, आणि त्या आमच्या हॉस्पिटलात आल्या. नवरा नव्हता. सोबत बहीण होती. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो जगण्यामरण्याचा नव्हता. "उभं राहता येईल का? मुख्याध्यापक म्हणले, जागा धरून ठेवतो. पण उभं राहता आलं पायजे."

एक तरुण सर्जन म्हणाले, मांडीतून कापू. वर कापलं की लवकर भरतं, पेशंट लवकर घरी जातो.

"घरी जातो," सर म्हणाले, "टेम्पोत घालून. पुढं चालत कुठं जातो ते सांगा ना डॉक्टर."

सरांनी स्वतः ऑपरेशन केलं. गुडघ्याखाली कापलं, गुडघा वाचवला. बाहेर आले तेव्हा मफलर घामानं भिजलेला होता आणि चेहऱ्यावर पोरानं पतंग काटल्यासारखा आनंद. आम्हाला व्हरांड्यातच उभं करून सांगितलं, "गुडघा आहे म्हणजे अर्धं चालणं शिल्लक आहे. उरलेलं अर्धं तुम्ही. पालथं झोपवा, सरळ ठेवा, पट्टी नीट बांधा, आणि उशी दिसली तर मला सांगू नका, सरळ खिडकीतून टाका." सुमनबाईंना म्हणाले, "बाई, दोनतीन महिन्यांत तुम्ही पोळ्या लाटायला उभ्या. मला जेवायला बोलवायचं."

"हाव साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "पण आमच्यात लई तिखट ऱ्हातंय."

जखम चांगली भरत होती. सुमनबाई पालथ्या झोपायच्या, कण्हायच्या, आम्हाला शिव्या घालायच्या आणि सांगितलेलं सगळं करायच्या. गुडघा काडीसारखा सरळ होत होता.

मग इन्स्पेक्शन आलं.

ज्यांना खाजगी कॉलेजचं इन्स्पेक्शन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वरून तपासणीला माणसं येतात आणि खाटा भरलेल्या आहेत का, डॉक्टर आहेत का, हे बघतात. म्हणून त्या दिवसांत खाटा भरल्या जातात. आसपासच्या गावांतून टेम्पोनं माणसं आणतात, जेवण देतात, आडवं करतात, हाताला सुईशिवायची सलाइनची नळी चिकटपट्टीनं चिकटवतात. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "ताई, मला काय झालंय?"

मी खाटेवरचा कागद बघितला. "हर्निया."

"असं होय. मागल्या खेपेला मूळव्याध होती."

आणि डॉक्टरही आणतात. जे वर्षभर दिसत नाहीत ते त्या आठवड्यात नवा ॲप्रन घालून केबिनमध्ये बसतात. सर वर्षभर दिसायचे, पण त्यांचीही मुदतवाढ या इन्स्पेक्शनवर अवलंबून होती असं म्हणत. कॉलेजच्या प्रवेशाच्या जागा वाढल्या तर सर राहणार, नाहीतर घरी. खरंखोटं मला माहीत नाही.

त्या सगळ्या हर्निया आणि मूळव्याधींत सुमनबाई एकट्या खऱ्याखुऱ्या. म्हणून त्यांना दाराजवळच्या पहिल्या खाटेवर आणलं. नवी गादी, पांढरीशुभ्र चादर, आणि कापलेल्या पायाखाली एकावर एक दोन उश्या. मेट्रनबाईंचं म्हणणं, पाय उचलून ठेवला की काळजी घेतल्यासारखं दिसतं. संस्थेच्या अध्यक्षांना ते इतकं आवडलं की त्यांनी फोटो काढून घेतला. आम्हाला वॉर्डातून काढून स्वागतगीताच्या तालमीला बसवलं होतं. तरी मी दोनदा जाऊन उश्या काढल्या. दोनदा त्या परत ठेवल्या गेल्या. तिसऱ्यांदा शिपायानं दारावरच अडवलं, "फिजिओच्या पोरींनी आत यायचं न्हाई, ऑर्डर हाय."

मी सरांकडं गेले. ते केबिनमध्ये नव्या ॲप्रनमध्ये बसले होते. उश्यांचा ढीग नव्हता, त्या जागी शोभेची कुंडी होती.

"सर, सुमनबाईंच्या पायाखाली दोन उश्या दिल्यात."

"माहीत आहे."

"मग काढायला सांगा ना सर. मला आत सोडत नाहीत."

"इन्स्पेक्शन होऊ दे."

"सर, तुम्हीच म्हणता की आखडायला वेळ लागत नाही..."

"गप्प बस!" सर ओरडले. मग हळू आवाजात, माझ्याकडं न बघता, "होऊ दे म्हटलं ना. दोन दिवसांनी काही बिघडत नाही."

ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत. पथक आज येणार, उद्या येणार, पुढच्या सोमवारी येणार. टेम्पोतली माणसं जेवून जेवून सुस्तावली. आमचं स्वागतगीत पाठ होऊन विटलं. सुमनबाई दोन उश्यांवर पाय ठेवून दाराशी शोभा बनून पडल्या होत्या. त्यांना बरं वाटत होतं. ठणका नव्हता, पालथं झोपायचा जाच नव्हता, आणि उश्या सरकवल्या की मेट्रनबाई ओरडायच्या. सर दिवसातून दोनदा त्या खाटेवरून जायचे. मी व्हरांड्याच्या जाळीतून बघितलंय. हॉस्पिटलातल्या अर्ध्या उश्या चोरलेला माणूस खिशात हात घालून त्या दोन उश्यांवरून गेला. एकदा नाही, रोज गेला.

शेवटी पथक आलं, जेवलं, गेलं. जागा वाढल्या. फटाके वाजले.

दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले. आम्ही मागं. त्यांनी सुमनबाईंच्या पायाखालच्या उश्या ओढल्या, गुडघ्यावर एक हात ठेवला, टोकाला दुसरा, आणि दाबलं. गुडघा थोडा आला आणि थांबला. सुमनबाई किंचाळल्या. सरांनी पुन्हा दाबलं. तिथंच. मग ते आमच्याकडं वळले आणि तासाला बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "पेशंटनं सहकार्य केलेलं नाही."

याच माणसानं आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की हे वाक्य ज्या डॉक्टरच्या तोंडून ऐकाल तिथं आरोपी डॉक्टर असतो. आम्ही बाराजण उभे होतो. सगळ्यांना ते आठवलं. विचारलं ते फक्त सुमनबाईंच्या बहिणीनं, "साहेब, काय केलं न्हाई तिनं?" सर पुढच्या खाटेकडं निघून गेले होते.

माझं पहिलं पत्रक त्या आठवड्यात लिहिलं गेलं. 'उशी कुणी ठेवली?' असं वर मोठ्या अक्षरांत. कँटीनच्या भिंतीवर, नोटीस बोर्डावर, पुरुषांच्या मुतारीबाहेरसुद्धा चिकटवलं. सरांचं नाव नव्हतं, पण 'ज्यांना सगळं माहीत होतं आणि जे खिशात हात घालून गेले' असं होतं. प्राचार्यांनी वडलांना उदगीरहून बोलावून घेतलं. वडलांनी सगळं ऐकलं, बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आधी डिग्री घे पोरी. मग दुकान लावून भांड."

आणि सरांनी काय केलं? शिपायाच्या हातून पत्रकाची एक प्रत मला परत आली. त्यावर लाल शाईनं दुरुस्त्या. मी एका स्नायूचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते बरोबर केलेलं. 'पाय आखडला' खोडून 'गुडघा आखडला' केलेलं. खिशात हात घालून जाणाऱ्यांचं वाक्य मात्र जसंच्या तसं. त्याखाली रेघ नाही, खूण नाही. मी तो कागद कितीतरी वेळ उलटसुलट केला. आजही लोक मला म्हणतात, बघ, त्यांनी कबूलच केलं ना. कसलं कबूल? शुद्धलेखन तपासून पाठवणं म्हणजे कबुली असते का? कबुली द्यायची होती तर सुमनबाई तेव्हा वॉर्डातच होत्या, वीस पावलांवर.

सुमनबाई घरी गेल्या. आम्ही काहीजणींनी पुढं व्यायाम करून घेतले. किनवटहून येणंजाणं त्यांना झेपलं तोवर त्या आल्या. गुडघा थोडा सुटला, पुरेसा नाही. कृत्रिम पाय वाटण्याच्या शिबिरात माप घेणाऱ्यानं दोनदा गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं, "मावशी, असा पाय बसणार नाही. सरळ करून आणा." वसतिगृहात दुसरी बाई लागली. सुमनबाईंना धान्य निवडायला बसवलं. पुढं तेही बंद झालं.

मी डिग्री घेतली आणि दुकान लावलं. म्हणजे लातूर-नांदेडच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट मिळालाच पाहिजे यासाठी आम्ही भांडतो. या वर्षी नांदेडात जनसुनावणी ठेवली. ज्यांचे पाय गेले, हात आखडले, त्यांनी येऊन स्वतः बोलायचं. सुमनबाईंना मी बोलावलं. आणि आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी, मला न विचारता, तज्ज्ञ म्हणून सरांना बोलावलं.

सर थकले होते. कॉलेज सुटलंय, आता नांदेड गावात छोटा दवाखाना आहे. साखरेच्या जखमा बघतात, ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून काही घेत नाहीत. तिथं दुसरे कुठलेही डॉक्टर ज्या पायाला सरळ मांडीतून कापा म्हणतात तो पाय सर महिनाभर धुऊन धुऊन वाचवतात. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

सभागृहात शिरल्याबरोबर त्यांनी पहिल्या रांगेतल्या सुमनबाईंना ओळखलं. सरळ जाऊन, सगळ्यांदेखत, त्यांच्या खुर्चीपुढं जमिनीवर उकिडवे बसले. गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. गुडघा आला तेवढा आला.

"दुखतंय?"

"न्हाई साहेब. आता काईच दुखत न्हाई." मग सुमनबाईंनी दोन्ही हात जोडले आणि शेजारच्यांना मोठ्यानं सांगितलं, "ह्या साहेबांनी माझा गुडघा वाचवला. दुसरे तं मांडीतूनच कापून राहिले होते."

सर खुर्चीला धरून उठले आणि मंचावर गेले. तिथं त्यांनी पाय कापल्यानंतर गुडघा सरळ का ठेवायचा, उशी का द्यायची नाही, यावर भाषण केलं. गुलालाची गोष्ट सांगितली. लोक हसले, लोक गहिवरले. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. टाळ्या थांबेनात. सुमनबाईही वाजवत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या काट्याबद्दल बोलल्या, वसतिगृहाबद्दल बोलल्या, शिबिरातून परत पाठवल्याबद्दल बोलल्या. हॉस्पिटलबद्दल म्हणाल्या, "तिथं सगळ्यांनी लई केलं माझं."

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर त्या कुबड्या बाजूला ठेवून बसल्या होत्या. मला राहवलं नाही.

"सुमनबाई, त्या उश्या होत्या ना इन्स्पेक्शनच्या वेळी..."

"मला माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"मला काय येडी समजली का गं? तू दोनदा काढल्या तवाच समजलं. पुन्हा ठेवल्या तवा साहेब दारातच हुभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं."

"मग हात कशाला जोडले? आत माईक होता समोर. का नाही बोललात?"

सुमनबाईंनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय पुढं केला. अंगठ्याखाली पट्टी होती, कडेनं पिवळी पडलेली.

"ही बघ. भरूनच न्हाई राहिली. उद्या सकाळी त्यांच्याच दवाखान्यात जायचंय. हा बी गेला तर गुडघ्याखाली कापणारा दुसरा कोण हाय नांदेडात? तू कापणार का?"

दारातून सर बाहेर आले. पायऱ्या उतरताना त्यांचं आमच्याकडं लक्ष गेलं. सुमनबाईंनी घाईघाईनं चप्पल घातली आणि पुन्हा हात जोडले.